मधमाशीला दिसणारे फूल आणि अजिंठ्याची जुनी छायाचित्रे

#थ्रेड

१/ मुकुंदवाडीतल्या एखाद्या गच्चीवर उमललेल्या सूर्यफुलाच्या पाकळ्या आपल्याला सर्वत्र सारख्याच पिवळ्या दिसतात. मधमाशीला मात्र टोके वेगळी आणि आतला भाग वेगळा दिसतो. अतिनील प्रकाशातले हे वर्तुळ माणसाला दाखवले ते छायाचित्राने. त्या इतिहासाचा एक टप्पा आपल्या जिल्ह्यातला आहे.

२/ सन १८०१, जर्मनीतील येना. योहान रिटर यांनी सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद वर्णपटात धरला. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे तो अधिक वेगाने काळवंडला. अतिनील किरणांची पहिली साक्ष चांदीच्या क्षाराने दिली. पुढे छायाचित्रण उभे राहिले तेही चांदीच्याच क्षारांवर.

३/ म्हणूनच १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कलोडियन काचा निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. तांबडा-पिवळा त्यांवर काळा पडे. मेजर रॉबर्ट गिल यांची १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आलेली अजिंठ्याची छायाचित्रे याच काळातली. भित्तिचित्रांतला गेरू अशा काचेवर उतरणे शक्यच नव्हते. तो गिल यांच्या तैलचित्रांत उतरला होता. त्यांतली बरीच १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली.

४/ १८७३ मध्ये हेरमान फोगेल यांनी काचेवरील थरात रंगद्रव्य मिसळून ती हिरव्या प्रकाशालाही संवेदनशील केली. कॅमेरा हळूहळू माणसासारखा पाहू लागला. अतिनील संवेदना हा आता दोष मानला गेला.

५/ हाच दोष पुढे साधन झाला. १९०३ मध्ये रॉबर्ट वुड यांनी दृश्य प्रकाश अडवून अतिनील तेवढा सोडणारी गाळणी बनवली. १९२३ मध्ये रिचमायर यांनी फुलांवरून परावर्तित होणारा अतिनील प्रकाश मोजला. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँक लुट्झ यांनी त्याच प्रकाशात फुलांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी आल्फ्रेड क्यून यांनी मधमाशीला अतिनील दिसते, हे प्रयोगाने दाखवले.

६/ आणि सूर्यफूल? २०२२ च्या एका संशोधनानुसार पाकळ्यांतील फ्लॅव्होनॉल हे वर्तुळ घडवतात आणि कोरड्या प्रदेशातल्या रानटी सूर्यफुलांत ते मोठे असते. त्याचा संबंध पाकळीतले पाणी राखण्याशी असावा, असे संशोधक मानतात. दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला हे सहज उमगावे.

७/ तात्पर्य, जुन्या छायाचित्रातला काळा रंग मुळात काळा होता असे गृहीत धरू नये. आधी विचारावे : या काचेला कोणता प्रकाश दिसत होता?