पंचगंगेतील सांडपाणी आणि प्रतिजैविक-रोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. वस्त्रोद्योगाबरोबर नगर विस्तारले, तसे पंचगंगेत मिसळणारे सांडपाणीही वाढले. २०१२ मधील काविळीच्या साथीने दूषित पाण्याची किंमत दाखवून दिली. ती साथ विषाणूजन्य असल्याने तीवर प्रतिजैविके निरुपयोगी होती. परंतु मैलापाण्यातून विषाणूंबरोबर जीवाणूही वाहतात आणि ते प्रतिरोधक जनुके परस्परांना देतात. जीवाणू मेला तरी जनुक पाण्यात टिकू शकते. २०११ मध्ये दिल्लीच्या नळाच्या व साचलेल्या पाण्यात एनडीएम-१ हे जनुक आढळले. सांडपाण्याच्या नेहमीच्या चाचण्या मात्र जनुके मोजत नाहीत. म्हणूनच पंचगंगेच्या प्रदूषणाचा इतिहास केवळ रंग, फेस व दुर्गंधी यांच्या आधारे लिहिल्यास तो अपुरा ठरतो.