सकळ लिपी आणि घरची किल्ली

महानुभाव पंथाने आपले मराठी ग्रंथ कित्येक शतकं सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपीची युक्ती साधी: एका अक्षराऐवजी ठरलेलं दुसरं चिन्ह. पोथी परक्याच्या हाती पडली तरी वाचता येऊ नये, हा हेतू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ही लिपी उलगडली आणि 'लीळाचरित्रा'सारखं तेराव्या शतकातलं गद्य सगळ्यांपुढे यायची वाट मोकळी झाली.

गुपित पद्धतीतच होतं. ती कळली, की साऱ्या पोथ्या उघड्या! केरकॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलं, की पद्धत शत्रूला कळली तरी चालावं, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. २०१९ साली आलेलं 'एज' हे कमांड लाइनवरचं छोटं टूल याच तत्त्वावर चालतं.

तेव्हा जवळा बाजारच्या घराचे कागद स्कॅन करून कुलूपबंद करणाऱ्या भावंडांनो, किल्लीची फाइल त्याच पेन ड्राइव्हवर ठेवू नका. तिची प्रत दुसऱ्या सुरक्षित जागीही असू द्या. आणि मूळ फाइल पुसण्याआधी कुलूपबंद प्रत एकदा उघडून बघा. ही किल्ली हरवली, तर कुणी राजवाडे मदतीला येणार नाहीत.