आठ आण्यांचे कुत्रे : मुंबई, जून १८३२

६ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोटात दोन गोऱ्या शिपायांना जमावाने बदडले. दुसऱ्या दिवशी सुमारे दोनशे पारशी रस्त्यावर उतरले, दुकानांच्या फळ्या लागल्या आणि शहराचा व्यवहार थांबला. कारण अफूच्या भावाचे नव्हते, करांचे नव्हते, धर्मांतराचेही नव्हते. कारण होते कुत्रे. पुढे या प्रकरणाला ‘मुंबईचा श्वानदंगा’ असे काहीसे हास्यास्पद नाव पडले आणि त्या नावामुळेच ते गांभीर्याने वाचायचे राहून गेले. आजचा हा धागा त्याच दोन दिवसांविषयी आहे. थोडा लांबला आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

आधी सरकारची बाजू, कारण ती खोटी नव्हती. पिसाळलेला कुत्रा चावला की माणूस मरत असे आणि तो कसा मरतो हे सर्वांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याला ‘अलर्क’ म्हटले आहे आणि दंश झालेल्याला पाण्याची भीती वाटू लागली म्हणजे तो वाचत नाही, असेही सांगितले आहे. लुई पाश्चरने पहिल्या माणसाला लस टोचली ती १८८५ च्या जुलैत, म्हणजे आपल्या कथेनंतर त्रेपन्न वर्षांनी. १८३२ साली सरकारपाशी औषध नव्हते, लाठी होती.

त्या लाठीला नियमाचा आधार होता. १८१३ च्या एका नियमाने उन्हाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ठरावीक मुदतीत, बेवारशी कुत्री मारण्याची मुभा दिली होती. उन्हाने कुत्री पिसाळतात असा समज तेव्हा सर्वत्र होता. १८३२ साली पोलीस मॅजिस्ट्रेटने ही उन्हाळी मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते.

आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. आता मारेकऱ्याच्या जागी उभे राहून विचार करून पाहा. खरोखर बेवारशी असलेला कुत्रा माणसाला ओळखतो, लाठी दिसताच गल्लीबोळांतून पसार होतो. पिसाळलेल्याच्या तर जवळ जाण्याचीच सोय नाही. सर्वांत सोपा कुत्रा कोणता? जो ओट्यावर निवांत पडलेला असतो, जो माणसाला पाहून शेपूट हलवतो, ज्याला लाठीचा अर्थ माहीत नसतो. बक्षिसाचा नियम लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात आले नसावे. बक्षीस मिळवणाऱ्यांच्या मात्र लगेच आले. तक्रारी होऊ लागल्या त्या याच, की माणसे घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेतात.

पण ‘पाळलेले’ म्हणजे काय? या दंग्याचा खरा पेच मला या शब्दात दिसतो. इंग्लंडमध्ये १७९६ पासून कुत्र्यांवर कर होता. ज्या कुत्र्याचा कर भरला जातो, त्याला मालक आहे. मालक नाही, तो बेवारशी. त्या समाजाला कुत्र्यांचे प्रेम नव्हते असे मुळीच नाही. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी लंडनमध्ये संस्था स्थापन झाली ती १८२४ साली, म्हणजे या दंग्याच्या अवघी आठ वर्षे आधी. तिथल्या कुत्र्याचे नाते मात्र एका घराशी आणि एका धन्याशी असे.

मुंबईतल्या कुत्र्याचे नाते गल्लीशी होते. तो दोरीला बांधलेला नसे, त्याच्या गळ्यात पट्टा नसे, एका ओट्यावर सकाळी आणि दुसऱ्या ओट्यावर रात्री त्याला तुकडा मिळे. हिंदू घरांत वैश्वदेवानंतर कुत्र्याचा भाग काढून ठेवण्याचा आचार होता, खंडोबा आणि दत्ताच्या पायांशी कुत्रा होताच. जैन वाण्यांना जीवहत्या मुळातच वर्ज्य. पारशी घरात जेवणाआधी कुत्र्यासाठी घास बाजूला निघे. त्याला त्यांच्या गुजरातीत ‘कूतरानो बूक’ म्हणत. असा कुत्रा कोणाचा? विचारले तर कोणीही ‘माझा’ म्हणाले नसते. मारला तर मात्र दहा घरांना आपला गेल्यासारखे वाटले असते.

पारशांच्या बाबतीत गोष्ट आणखी खोल जाते. जरथुश्त्री परंपरेत मृतदेह दख्म्यात नेण्यापूर्वी कुत्र्याकडून त्याचे दर्शन करवतात. हा विधी म्हणजे ‘सगदीद’. त्यासाठी डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणून ‘चार डोळ्यांचा’ म्हटला जाणारा कुत्रा उत्तम मानतात. म्हणजे रस्त्यावरचा जो प्राणी सरकारला उपद्रव वाटत होता, त्याच्यावाचून पारशी माणसाचा अंत्यविधी पुरा होत नव्हता.

त्यांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथातील तेरावे प्रकरण तर बहुतांशी कुत्र्यांचेच आहे, आणि कुत्रा बाळगणाऱ्या कोणालाही ते वाचताना हसू आणि आश्चर्य एकदमच येईल. मेंढपाळाच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न घालणे हा घरच्या कर्त्या पुरुषाला तसे अन्न वाढण्याइतकाच अपराध आहे आणि त्याला २०० फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. घर राखणाऱ्या कुत्र्यासाठी ती त्याहून कमी. पंधराव्या प्रकरणात कुत्र्याला फार कठीण हाड किंवा फार गरम अन्न देणे पाप ठरवले आहे, कारण हाड दातांत वा घशात अडकते आणि गरम घासाने तोंड पोळते. ज्याने कुत्र्याच्या घशातून हाड काढण्याचा प्रसंग एकदा तरी अनुभवला आहे, त्यालाच असा नियम सुचेल! कुत्र्याच्या स्वभावात आठ जणांचे गुण असतात, असेही तिथे सांगितले आहे: तो पुरोहितासारखा थोडक्यात समाधानी, योद्ध्यासारखा पुढे धावणारा, चोरासारखा अंधार आवडणारा आणि लहान मुलासारखा झोपाळू.

पिसाळलेल्या कुत्र्याचे काय, हा प्रश्नही या ग्रंथाने टाळलेला नाही. त्याच्या गळ्यात लाकडाचे जोखड घालावे आणि त्याला बांधून ठेवावे. एखाद्या श्रद्धावंत माणसावर करावेत तसेच त्याच्यावर उपचार करावेत. तो उपचार घेईना, तर दोरीने बांधावे. नाहीतर तो खड्ड्यात, विहिरीत किंवा नदीत पडेल, आणि तसा तो पडून जायबंदी झाला तर दोष राखणाऱ्या माणसांचा. १८१३ चा मुंबईचा नियम आणि हा नियम शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. दोघांनाही पिसाळलेल्या कुत्र्याची भीती आहे. एकाने जबाबदारी गल्लीवर टाकली आहे, दुसऱ्याने लाठीवर.

जाता जाता एक साताऱ्याची गोष्ट. शाहू छत्रपतींचा खंड्या नावाचा एक लाडका कुत्रा होता. शिकारीत त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ग्रँट डफने कुत्र्याच्या या कौतुकाची नोंद केली ती महाराजांच्या बुद्धिभ्रंशाचे लक्षण म्हणून. बुद्धिभ्रंश होता की नव्हता, हा वाद इथे नको. पण जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला पालखी देणे हा वेडेपणा वाटणारी दृष्टी आणि सहा वर्षांनी मुंबईत आठ आण्यांचा भाव लावणारी दृष्टी यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही.

असो, पुन्हा मुंबईकडे. ६ जूनला कोटाजवळ कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी आणि हिंदूंचा जमाव चालून गेला. ७ जूनला जे घडले ते अधिक विचारपूर्वक होते. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली. काहींना ती बंद ठेवायला भाग पाडले गेले, हेही खरे. कुलाब्याच्या पलटणीकडे जाणारे पाव आणि पाणी अडवले गेले, साहेबांच्या गाड्यांवर घाण फेकली गेली. मुंबई शहर रोजच्या व्यवहारासाठी कोणाच्या हातांवर अवलंबून आहे, हे एका दिवसात सरकारला कळले. शेवटी दंगाविरोधी कायदा वाचून दाखवण्यात आला, लष्कर आले आणि पुढाऱ्यांना अटक झाली.

हे सारे पारशांनी करावे, याचा सरकारला विशेष धक्का बसला. कंपनीच्या जहाजांपासून चीनच्या व्यापारापर्यंत ज्यांची साथ सर्वांत भरवशाची, तीच ही जमात. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे शेठ यामुळे अवघड जागी सापडले. रस्त्यावर उतरलेली माणसे त्यांच्याच समाजाची, आणि ज्यांच्याशी व्यापार करायचा ते साहेब. त्यांनी दंग्याची बाजू घेतली नाही. पण अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने समाजाच्या भावना सरकारपुढे ठेवल्या आणि मध्यस्थी केली. यातून जी तडजोड निघाली ती अशी, की कुत्र्यांना मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर न्यावे.

योगायोगाने हे वर्ष मराठी वृत्तपत्रांच्या जन्माचेही आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले ते ६ जानेवारी १८३२ रोजी, म्हणजे दंग्याच्या बरोबर पाच महिने आधी. अर्ज कसा करावा, गाऱ्हाणे कोणत्या शब्दांत मांडावे, बाजार बंद ठेवून किती साधते, हे सारे त्या शहरात एकाच वेळी शिकले जात होते.

शहराबाहेर नेलेल्या कुत्र्यांना परत यायला फारसा वेळ लागत नसणार, हे कुत्रा पाळणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्यांना ठेवायला जागा हवी होती. १८३४ साली जमशेटजी आणि शहरातील इतर धनिकांनी मिळून मुंबईचे पांजरपोळ स्थापन केले आणि सरकारी माणसांच्या हातून मरणारी भटकी जनावरे तिथे आणून ठेवण्याची सोय झाली. भुलेश्वरच्या दाटीत, कापडाच्या आणि बांगड्यांच्या दुकानांमागे ते आजही आहे. कधी त्या बाजूला गेलात तर आत डोकावून पाहा. कुत्र्यांच्या दंग्यानंतर उभ्या राहिलेल्या त्या आवारात आता प्रामुख्याने गाई दिसतात, आणि चारा घालायला आलेल्या माणसांची वर्दळ.