पाहुण्यांचं शहर आणि घरचा संघ

सिंगापूरला घरी पाहुणे आले की तुम्ही त्यांना कुठे नेता? मरिना बे, सेंटोसा आणि शेवटच्या दिवशी मुस्तफा. फुटबॉलच्या सामन्याला कधी नेलंय? बहुधा नाही. 2019 साली इथे 1 कोटी 91 लाख परदेशी पाहुणे आले आणि शहराची वस्ती होती सुमारे 57 लाख. एवढ्या वर्दळीतही इथल्या स्थानिक लीगला प्रेक्षक मिळवताना दमछाक का होते?

असं नेहमीच नव्हतं. 1921 साली सुरू झालेला मलाया कप पहिल्याच वर्षी सिंगापूरने जिंकला. 1965 मध्ये देश वेगळे झाले, तरी आपला संघ मलेशियातल्या संघांशी खेळतच राहिला. 1973 मध्ये कलांगला राष्ट्रीय स्टेडियम उभं राहिलं आणि तिथल्या पन्नास-पंचावन्न हजार प्रेक्षकांच्या गजराला ‘कलांग रोअर’ हे नावच पडलं. 1994 च्या अंतिम सामन्यात सिंगापूरने पहांगला 4-0 हरवलं. अब्बास साद याने तीन गोल केले आणि लीग व कप दोन्ही घरी आले.

मग तिकिटांच्या उत्पन्नावरून मलेशियाच्या संघटनेशी बिनसलं आणि संघ बाहेर पडला. 1996 मध्ये आठ क्लबांची एस-लीग सुरू झाली. पण कालपर्यंत एका सुरात ओरडणाऱ्या शेजाऱ्यांनी आता वुडलंड्स विरुद्ध गेलांग असं भांडायचं होतं. ते भांडण जमलंच नाही. कॉजवेपलीकडच्या वैऱ्याची सर त्याला नव्हती. 2012 ते 2015 ‘लायन्स-12’ पुन्हा मलेशियात खेळला, 2013 ची लीगही जिंकला, पण तो अध्यायही तिथेच संपला.

बास्केटबॉलचा ‘स्लिंगर्स’ संघ 2006 मध्ये थेट ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये उतरला. विमानप्रवासाचं ओझं घेऊन दोन हंगाम खेळला आणि बाहेर पडला. याउलट 2008 पासूनची फॉर्म्युला वनची रात्रीची शर्यत पाहुण्यांनी भरते. कारण ती तीन दिवसांची जत्रा आहे. संघ म्हणजे जत्रा नव्हे, तो आठवड्याचा बाजार. तिथे तीच माणसं पुन्हा पुन्हा यावी लागतात.

आपल्या गोव्याकडे पाहा. कळंगुटला पर्यटकांची रीघ, पण मडगावचं फातोर्डा स्टेडियम भरतं ते गोवेकरांनी. पर्यटनाचा गाव संघ पोसू शकतो, पण पर्यटकांच्या जिवावर नव्हे.

आणि आपण? दहा-पंधरा वर्षं इथे राहून आपण पाहुणे की घरचे? मुस्तफापासून जालान बेसार स्टेडियम पायी जाण्याइतकं जवळ आहे. एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन जा आणि एक संघ आपला म्हणून निवडा. हरला तर वाईट वाटेल, आणि वाईट वाटलं की समजा, पाहुणेपण थोडं सरलं.