अब्बांची सायकल आणि मामूंचं दुकान

1984 साली अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना मी एक खोटं लिहिलं होतं. ते आज कबूल करतो. अब्बा त्या दिवशी कामावर होते म्हणून मामू माझ्याबरोबर कॉलेजात आले होते. अर्जावर पालक म्हणून त्यांचं नाव घातलं आणि पुढे व्यवसायाचा रकाना आला. मी तिथे ‘व्यापार’ असं लिहिलं. मामूंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना मराठी वाचता येत होतं. त्यांनी तो रकाना वाचला, काही बोलले नाहीत आणि सही केली. बोटांच्या पेरांत मुरलेलं काळं ग्रीस सहीच्या बाजूला थोडं उमटलं.

हा प्रसंग आठवायचं कारण अलीकडचं आहे. कुणाला गप्प करायचं असेल तर हल्ली आमच्या पोरांना ‘पंक्चरवाले’ म्हणतात. हा शब्द शिवी कधी झाला, याचा विचार करताना माझ्या लक्षात आलं की मी स्वतः तर तो चाळीस वर्षांपूर्वीच शिवी समजून लपवला होता. तेव्हा दुसऱ्यांना बोलण्याआधी आपल्या घरापासून सुरुवात केलेली बरी.

आमच्या घरातून सायकलवर कामाला जाण्याची सुरुवात अब्बांनी केली. 1957 साली ते खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत लागले. ही फॅक्टरी 1869 सालची. गंज पेठेत मोमीनपुऱ्याजवळ आमचं घर, तिथून खडकी साधारण आठ किलोमीटर. पहिले काही महिने ते शेजारच्या एका कामगाराच्या मागे कॅरिअरवर बसून गेले. डबलसीट हा त्या काळी गुन्हा होता, म्हणून चौकात पोलीस दिसला की उतरायचं, चालत पुढे जायचं आणि वळण संपलं की पुन्हा बसायचं. मग पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी हर्क्युलस घेतली, जवळजवळ दोन पगारांची. विलायती नावाची ही सायकल बनली होती मद्रासला. स्वातंत्र्यानंतर बाहेरून येणाऱ्या सायकलींवर निर्बंध आले आणि इथेच कारखाने उभे राहिले. 1949 मध्ये मद्रासला टीआय, 1951 मध्ये सोनिपतला ॲटलस, 1956 मध्ये लुधियान्याला हिरो, शिवाय आसनसोलला सेन-रॅले. पुण्याला सायकलींचं शहर म्हणतात ते या माफक किमतीच्या काळ्या सायकलींमुळे.

पुण्याच्या सायकलींवर लिहिणारे बहुतेक जण प्राध्यापक, विद्यार्थी आणि लक्ष्मी रोडवरून खरेदी करून येणाऱ्या गृहिणी यांच्याबद्दल लिहितात. ते खोटं नाही, पण पहाटेचं पुणे त्यात नाही. अब्बा सांगायचे, संगम पूल ओलांडून इंजिनिअरिंग कॉलेजपाशी आलं की रस्ता सायकलींनी भरून जायचा. वाकडेवाडीपर्यंत नुसत्या घंट्या आणि चेनचा आवाज. कुणी किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा, कुणी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये, कुणी त्याहून पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला. मोमीनपुऱ्याचे, भवानी पेठेचे, कासेवाडीचे, कसब्याचे, सगळे एकाच रांगेत. भोंग्याच्या आत गेटवर पोचायचं असल्यामुळे कुणी कुणाची जात विचारत नसे, असं अब्बा म्हणायचे. मला हे थोडं गोडच वाटतं. डबा खाताना कोण कुठे बसत असे हे मी विचारलं, तेव्हा अब्बा हसले आणि विषय बदलला. पण रस्त्यापुरतं मी मानतो. समोरून वारा असला की आळीपाळीने पुढे राहायचं, मागच्यांना आडोसा द्यायचा, ही रीत त्या लोकांनी कुणाकडून शिकलेली नव्हती. आषाढात खडकीला जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर यायचा आणि घरी येताना तोच पाठ ढकलायचा. अब्बा म्हणत, अल्लाह मजुराला येतानाच मदत करतो, जाताना नाही.

फॅक्टरीचा एक नियम मला लहानपणी फार गमतीचा वाटे. दारूगोळ्याचं काम, त्यामुळे गेटवर झडती आणि आत काडेपेटी नेणं सक्त मना. पण सायकलला दिवा नसेल तर पोलीस पकडणार, आणि अब्बांचा पहिला दिवा रॉकेलचा. मग काडेपेटी गेटबाहेरच्या पानवाल्याकडे ठेवायची आणि सुटल्यावर परत घ्यायची. एवढं करून दिवा वाऱ्याने विझायचाच. ‘साहेब, आत्ताच विझला’ असं सांगितलं की पोलीस चिमणीला हात लावून बघायचा, गार लागली तर दंड. पुढे अब्बांनी डायनॅमो बसवला. त्याने दिवा लागायचा, पण पायाला ओझं वाढायचं, आणि चाक थांबलं की उजेडही थांबायचा. म्युनिसिपालिटीचा सायकल करही होता. कर भरला की बिल्ला मिळे. तो सायकलीवर अडकवायचा, नाहीतर पुन्हा पोलीस. अब्बांनी ते सगळे बिल्ले बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले, काही पितळी, काही ॲल्युमिनियमचे. आमच्या घरातला सरकारशी झालेला सगळ्यांत लांबलचक पत्रव्यवहार म्हणजे तो डबा.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा अब्बा कामावर होते. नदीवरचे पूल पाण्याखाली गेले आणि ते रात्रभर खडकीतच अडकले. दुसऱ्या दिवशी सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून घरी पोचले. दादी म्हणाली, सायकल कशाला आणली, जीव आणायचा. अब्बांचं उत्तर घरात अजून सांगतात: ‘कर्ज बाकी है, अम्मा.’

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. अब्बांच्या उमेदीत तो हिवाळ्यात आला होता. 1986-87 मध्ये तो मे महिन्यात आला तेव्हा अब्बा पन्नाशीत होते. तहान लागलेल्या माणसाने आठ किलोमीटर सायकल मारून घरी येणं मी त्या दोन वर्षांत डोळ्यांनी पाहिलं. येताना ते संगम पुलावर उतरून हातात सायकल धरून चालत. अम्मी म्हणायची, बसने जा. पण बसला पैसे पडतात आणि ती वेळेवर येत नाही, हे अब्बांचं म्हणणं. मी एकदा हिशेब केला. रोजचे सोळा किलोमीटर, वर्षाला सुमारे 290 दिवस, 37 वर्षं. पावणेदोन लाख किलोमीटरच्या जवळपास जातं, म्हणजे पृथ्वीला चार फेऱ्या. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, आणि पोचलो कुठे, खडकीला.

आता मामू. अब्बांचे हे पावणेदोन लाख किलोमीटर मामूंच्या जिवावर झाले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. दुकान म्हणजे सहा फुटांची टपरी. बाहेर पाण्याची घमेली, हवेचा पंप आणि तासावर भाड्याने द्यायच्या सात-आठ सायकली. भाड्याची वही मामू उर्दूत लिहीत आणि हिशेब मराठीत सांगत. सकाळी सहाला दुकान उघडायचं, कारण पहिल्या पाळीचा माणूस पंक्चर घेऊन येतो तेव्हा त्याच्या हातात दहाच मिनिटं असतात. टायर उतरवा, ट्यूब पाण्यात बुडवा, बुडबुडा शोधा, जागा घासा, सोल्युशन लावा, ते सुकेपर्यंत थांबा, ठिगळ दाबा. थांबणं हेच खरं कौशल्य. घाईत चिकटवलेलं ठिगळ वाकडेवाडीला सुटतं आणि त्या माणसाचा अर्धा दिवसाचा पगार जातो. मामू हे जाणून होते, म्हणून गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी सोल्युशन सुकू देत. रिमचा आऊट काढणं, छर्रे बदलणं, आणि ज्याला सगळे मराठी लोक ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात ते वर्षाचं संपूर्ण काम ही पुढची विद्या.

मुसलमान या धंद्यात जास्त का, याचं उत्तर लोक एका वाक्यात देतात, शिकले नाहीत म्हणून. मला ते अर्धवट वाटतं. डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकाराचं ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ हे 2013 मधलं पुस्तक सायकल, शिवणयंत्र, टाइपरायटर अशा छोट्या यंत्रांबद्दल आहे. यंत्र बाहेरून आलं तरी त्याला इथलं करणारे हात इथले होते. आमच्याकडे हे हात आधीपासून तयार होते: लोहार, कल्हईवाले, पत्र्याचं काम करणारे, जीन-खोगीर शिवणारे. कल्हईचा भाता मामूंच्या वडिलांचा, पंप मामूंचा. भांडवल थोडं, ओळख-शिफारस नको. सरकारी नोकरीत आमची माणसं थोडी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, हे सच्चर समितीने 2006 मध्ये कागदावर मांडलं. शिक्षणात मागे पडलो हेही त्याच अहवालात आहे, आणि तो दोष दुसऱ्यावर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. माझ्याच बहिणीने मामूंच्या भाड्याच्या छोट्या सायकलवर अर्धं पॅडल मारत सायकल शिकली. बारा वर्षांची झाली तशी ती बंद केली. शाळाही पुढे फार चालली नाही. पेठेतल्या तिच्या वयाच्या मुली सायकलवर कॉलेजला गेल्या. हे आम्हीच केलं.

हिरो सायकलच्या नावाची एक हकीकत मुंजाल घराण्याच्या इतिहासात सांगितली जाते. करीम दीन नावाचे एक गृहस्थ सायकलच्या सीट बनवत, ‘हिरो’ या नावाने. फाळणीत ते पाकिस्तानात निघाले तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी त्यांना विचारलं, हे नाव आम्ही वापरू का? ते हो म्हणाले. मुंजाल स्वतः आता पाकिस्तानात असलेल्या कमालियाचे. एक इकडून गेला, एक तिकडून आला, आणि मधे एक नाव राहून गेलं. मामूंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘सीट अच्छी होगी उसकी.’

1972 मध्ये पुण्यातच लूना आली, बजाजची चेतकही त्याच सुमारास, आणि दहा-पंधरा वर्षांत सकाळची ती रांग विरळ झाली. अब्बा 1994 ला सायकलवरच निवृत्त झाले. मीही कॅम्पातल्या शाळेत शिकवायला लागलो तेव्हा आठ वर्षं सायकलने गेलो, मग स्कूटर घेतली. नव्या रस्त्यांवर सायकलींसाठी पट्टे आखले गेले, त्यांवर आता गाड्या लावलेल्या असतात. मामूंनी भाड्याच्या सायकली भंगारात काढल्या. दुकान त्यांच्या मुलाने स्कूटरच्या पंक्चरचं केलं. ट्यूबलेस टायरला पाण्याची घमेली लागत नाही, पण ती त्याने टाकलेली नाही.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, म्हणून अब्बांची हर्क्युलस काढली. टायर सुकून चिरले होते. ती हातात धरून मामूंकडे गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, दुकानात नुसते बसतात. मुलगा उठत होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. स्वतः खाली बसले, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं. मग मी त्यांना त्या अर्जाबद्दल विचारलं, आठवतंय का म्हणून. ‘व्यापार लिखा था तूने,’ ते म्हणाले, ‘झूट कहाँ था? ट्यूब बेचता था ना मैं.’ आणि मुलाला म्हणाले, छर्ऱ्यांचा डबा दे.