कॉन्चेर्टो : झुंज की जुळणी?

पियानोसारखं एखादं वाद्य आणि समोर अख्खा वाद्यवृंद, अशा रचनेला ‘कॉन्चेर्टो’ म्हणतात. शब्द इटालियन. त्याच्या मुळाशी असलेलं ‘कॉन्चेर्तारे’ हे क्रियापद मात्र दुतोंडी आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ जुळवून घेणं, संगनमतानं ठरवणं. लॅटिनमध्ये झुंजणं, वाद घालणं. (आपल्याकडे रुळलेला ‘कॉन्सर्ट’ याच घरातला.) 1587 साली व्हेनिसमध्ये संगीतकार गाब्रिएलींच्या रचना ‘कॉन्चेर्ती’ या नावानं छापल्या गेल्या, तेव्हा गळे आणि वाद्यं यांचा मेळ एवढंच अभिप्रेत होतं. पुढे जर्मन संगीतज्ञ प्रेटोरिउसनं लॅटिन झुंजीचा अर्थ पुढे केला.

पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य हार्पसिकॉर्ड हे तेव्हा वाद्यवृंदात मागे बसून साथ करणारं वाद्य. बाखनं 1721 मध्ये अर्पण केलेल्या पाचव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत त्यालाच पुढे आणलं. पहिल्या भागाच्या शेवटाकडे बाकीचे गप्प होतात आणि साथीदार एकटाच भलामोठा तुकडा वाजवून घेतो. साथीदाराचं हे बंडच म्हणायचं! मोझार्टनं पुढे या प्रकाराला ऑपेरातल्या संवादाची लवचीकता दिली.

माझ्या मते शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र सापडतात ते बेटहोवनच्या चौथ्या पियानो कॉन्चेर्टोत. 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात तो जाहीरपणे वाजला. दुसऱ्या भागात तंतुवाद्यं खडसावतात, पियानो हळुवार उत्तर देतो, आणि दरडावणारेच हळूहळू नरमतात. हा भाग जेमतेम पाच मिनिटांचा आहे. सुरुवात करायची तर तिथूनच करा.