मनाच्या दुखण्याचे माप

कापसाच्या बाजारात उभ्या राहिलेल्या माणसास एक गोष्ट शिकवावी लागत नाही : भावाची बोलणी करण्यापूर्वी माप कोणाच्या हाती आहे ते पाहावे. मापच एका पक्षाचे असेल तर भाव कितीही चढा बोलला, तरी दुसऱ्याच्या पदरी तूटच यावयाची. खामगावच्या बाजारात गाड्या घेऊन गेलेल्या आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविताना आम्हांसही तेच शिकावयास मिळाले. आजचा आमचा विषय वरवर पाहता डॉक्टरांचा आहे. आम्ही डॉक्टर नाही, आणि आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. परंतु मनाचे दुखणे कोणास आहे आणि कोणास नाही, हे ठरविण्याचे माप आजवर कोणाकोणाच्या हाती राहिले, हा प्रश्न वैद्यकाइतकाच इतिहासाचा आणि न्यायाचाही आहे. त्या बाजूने त्याचा विचार करण्यास आमच्यासारख्याला मुभा असावी.

मनाच्या रोगाची लक्षणे लिहून ठेवण्याची कल्पना पश्चिमेकडून प्रथम आली, असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी तेथे व्याख्या आहे. माणूस कोणाचा, कोणत्या जातीचा, हे न पाहता त्याची आठवण, त्याची आवड, त्याचे वागणे पाहावे, ही दृष्टी त्या यादीत आहे. पण ती वैद्यांच्या पोथीत राहिली. गावोगावच्या माणसाने मनाचे दुखणे ओळखले ते आपल्या चालीरीतींच्या मापाने.

ते माप नेहमीच निष्ठुर होते असे नाही. आपल्या वऱ्हाडातील रिद्धपूर घ्या. महानुभाव पंथ ज्यांना अवतार मानतो ते गोविंदप्रभू तेथे राहिले; त्यांच्या चरित्रात त्यांच्या वागण्यातील वेडेपणा झाकून ठेवलेला नाही. गावाने तो पाहिला, सोसला, त्यावर प्रेमही केले. तथापि सामान्य घरच्या वेड्याच्या वाट्याला अशी माया क्वचितच येई. त्याच्यासाठी बाधा हे एक उत्तर होते आणि साखळी हे दुसरे.

आपल्याच जिल्ह्यात दुसरे एक पिंपळगाव आहे, पिंपळगाव सराई. तेथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, आणि मनाने बिघडलेल्या आप्तांना घेऊन लांबलांबचे हिंदू-मुसलमान तेथे जातात. त्यांची थट्टा करणे आम्हांस मान्य नाही. ज्या घरचे दुखणे कोणी ऐकूनच घेत नाही, ते घर जेथे ऐकले जाईल तेथे जाते. परंतु श्रद्धा वेगळी आणि साखळी वेगळी. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानास 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू न शकल्यामुळे तेथेच जळून मेले. त्यांना बांधावयाचे हे ज्या मापाने ठरले, त्या मापाची कोणी तपासणीच केली नव्हती.

आता सरकारी मापाकडे वळू. 1858 साली इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. नागपूरचे इस्पितळ 1864 सालचे, रत्नागिरीचे 1886 चे, ठाण्याचे 1901 चे. रोग्यास आत कोण आणी? पुष्कळदा पोलीस. आत धाडण्याचा हुकूम कोण देई? मॅजिस्ट्रेट. नोंदवहीत 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे, आणि तो बहुधा पोलिसांच्या कागदावरून भरला जाई. माणूस गांजा ओढत होता काय, एवढे विचारावयाचे. होय म्हटले की कारण सापडले.

हे आम्ही रागाने म्हणत नाही. सरकारच्याच एका आयोगाने ते उघडकीस आणले. 1893-94 साली गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने 1892 या एका वर्षात हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्यांचे कागद एकेक करून तपासले. दाखल झालेले 1344. त्यांतील 222 जणांच्या नावापुढे गांजा-भांगेचे कारण लिहिलेले. फेरतपासणीनंतर त्यांतील केवळ 98 प्रकरणांत ते कारण संभवनीय ठरले. म्हणजे निम्म्याहून अधिक नोंदी शिपायाच्या किंवा कारकुनाच्या शब्दावर उभ्या होत्या. पुढे 1912 चा कायदा झाला. त्याने डॉक्टरी दाखल्यांची अट घातली, पण मुख्य सूत्र मॅजिस्ट्रेटच्याच हाती राहिले. हा कायदा थेट 1993 पर्यंत चालला, कारण 1987 साली संमत झालेला नवा कायदा अमलात यावयासच तितका काळ लागला.

मग डॉक्टरांच्या हाती माप आल्यावर सर्व सुरळीत झाले काय? तेही लगेच नाही. 1960 नंतरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडन येथील मनोरुग्णांची तुलना करण्यात आली. न्यूयॉर्कचे डॉक्टर ज्यास छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया म्हणत, त्यातील पुष्कळांस लंडनचे डॉक्टर नैराश्य किंवा तत्सम रोग म्हणत. दोन्हीकडच्या रोग्यांना एकाच ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारले, तेव्हा दोन शहरांतील फरक बराचसा नाहीसा झाला. रोगी निराळे नव्हते. शेर निराळे होते.

येथून लेखी निकषांची चळवळ जोर धरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने 1948 साली रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत मनाच्या विकारांस स्थान दिले होतेच. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने 1980 साली आपल्या यादीच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक विकारापुढे लक्षणे किती हवीत, किती दिवस हवीत, हे आकड्यांत लिहिले. जागतिक संघटनेची दहावी यादी 1990 साली मान्य झाली. अकरावी 2019 साली मान्य होऊन 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली.

हा निकष असतो तरी कसा? नैराश्याचेच उदाहरण घेऊ. मन उदास असणे, किंवा पूर्वी ज्यात जीव रमे त्यातही रस न उरणे, यांपैकी एक तरी हवे. शिवाय झोप, भूक, थकवा, एकाग्रता, आपण कवडीमोलाचे आहोत असे वाटणे, पुढचे काहीच न दिसणे, मरणाचे विचार येणे, अशा लक्षणांपैकी काही हवीत. अकराव्या यादीप्रमाणे दहांतून निदान पाच. ती दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे हवीत, आणि त्यांनी माणसाचे घरचे व कामाचे जीवन अडलेले हवे. चिंतेच्या विकारास काळ याहून अधिक, काही महिन्यांचा लागतो. एका दिवसाच्या रडण्याला रोग म्हणावयाचे नाही, आणि महिनोन्‌महिने न झोपलेल्यास 'नाटक करतो' असेही म्हणावयाचे नाही, हा या आकड्यांचा अर्थ.

कामगारांना हे चटकन कळते. पूर्वी कारखान्यात गैरवर्तन म्हणजे काय, हे मुकादमाच्या मर्जीवर होते. 1946 साली स्थायी आदेशांचा कायदा झाला आणि ते लिहून टांगणे भाग पडले. लिहिलेला नियम वाईटही असू शकतो. पण तो वाचता येतो, त्यावर भांडता येते, तो बदलून घेता येतो. न लिहिलेल्या नियमापुढे फक्त हात जोडता येतात. निदानाच्या यादीचेही तसेच. समलिंगी आकर्षण हा विकार आहे असे तिच्यात लिहिले होते. लिहिलेले होते म्हणूनच त्यावर वाद घालता आला, आणि ते अमेरिकेच्या यादीतून 1973 साली व जागतिक यादीतून 1990 साली काढावे लागले.

आमच्या पाहण्यात जिनिंगमध्ये काम करणारा एक गडी होता. त्याचे खाडे वाढले. मालक म्हणे कामचुकार. शेजारी म्हणत दारू. घरची माणसे म्हणत बाहेरचे काहीतरी. तीन माणसांची तीन मापे, पण तो रात्री पहाटे तीनपासून जागा असतो, हे कोणी विचारलेच नव्हते. शेवटी एका डॉक्टराने विचारले : झोप कशी, भूक कशी, केव्हापासून, मरावेसे वाटते काय? या चार प्रश्नांनी तो कामावर परतला. बुडालेली मजुरी मात्र परतली नाही.

आपला माणूस दवाखान्यात जाऊन 'मला नैराश्य आहे' असे म्हणत नाही. तो म्हणतो, हातपाय गळाले, छातीत धडधडते, डोके भणभणते, जीव लागत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच भाषा ऐकून घेतली. तेथील 24 दवाखान्यांत त्यांनी, डॉक्टर नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या साहाय्याने प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले, आणि सरकारी दवाखान्यांतील रोग्यांना त्याचा लाभ झाल्याचे दिसले. पुढे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. आरंभी तेथे नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम 4 जण कोणाकडे तरी उपचारास जात होते. दीड वर्षानंतर ती संख्या 27 वर गेली. गावात कोणी नवे इस्पितळ बांधले नव्हते. गावच्याच माणसांना विचारावे कसे आणि ऐकावे कसे, हे शिकविले होते.

या मापाची एक उणीवही सांगितली पाहिजे. निकष 'किती दिवस' विचारतो. 'कशामुळे' हे त्याच्या रकान्यात नाही. कर्ज, नापिकी, सुटलेली नोकरी, नवऱ्याचा मार यांना तेथे जागा नाही. म्हणून कोणी असे म्हणू लागेल की शेतकऱ्याचे दुःख म्हणजे केवळ डोक्यातील बिघाड, गोळी दिली की काम संपले. तर तो निकषाचा दुरुपयोग होय. उलट, सारे दुःख कर्जाचेच, डॉक्टराचे येथे काय काम, असे म्हणणाऱ्या आमच्या चळवळीतील मित्रांनाही आम्ही सांगतो : घामाच्या दामासाठी लढणाऱ्याला रात्रीची झोपही लागते. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवा, पण दोन्ही ठेवा.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने या इतिहासावर एक शिक्का उमटविला आहे. मानसिक आजार कोणास आहे हे राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या वैद्यकीय मापानेच ठरवावयाचे. राजकीय, आर्थिक, सामाजिक दर्जावरून नाही, जात-धर्मावरून नाही, आणि समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा कामासंबंधीच्या मूल्यांशी माणूस जुळत नाही एवढ्यावरूनही नाही. 'कामासंबंधीच्या' हा शब्द आम्ही दोनदा वाचला. तो तेथे आहे. पूर्वी एकदा उपचार घेतले, एवढ्यावरून आज कोणास आजारी ठरविता येत नाही. माणसास साखळीने बांधणे तर याच कायद्याने मना केले आहे.

कायदा आपल्या पायांनी गावात येत नाही, हे या वयात आम्हांस पुरते कळले आहे. त्याला आणावे लागते. तेव्हा पिंपळगाव राजाच्या मंडळींकडे आमचे मागणे लहान आहे. हे निकष घेऊन शेजाऱ्याचे निदान करावयास निघू नका. ते काम शिकलेल्याचे. पण घरातले कोणी दोन आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याला आळशी, बाधित, दारूबाज यांपैकी काही म्हणण्यापूर्वी चार प्रश्न विचारा आणि दवाखान्यापर्यंत सोबत जा. 2022 पासून 14416 हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही त्यासाठी सुरू आहे. आणि सरकारी दवाखान्यात गेल्यावर ऐकून घेणारा माणूस तेथे नसेल, तर तो मागा, एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून मागा. माप लिहिले गेले आहे. ते वापरावयास लावणे एवढेच आता उरले आहे.